लँकशायर आणि गुलामांचा व्यापार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या वायव्येकडील लँकशायर या परगण्यात येणाऱ्या मराठी पाहुण्यांना लँकेस्टरच्या जुन्या धक्क्यावरून फिरवण्याचे काम मी हौसेने करतो. पाहुणे परत गेले की प्रश्न येऊ लागतात: काही शाळकरी मुलांचे, काही अभ्यासकांचे, बरेचसे त्या धक्क्यावर मनात आलेले पण तिथे बोलायचे राहून गेलेले. त्यांतले जे पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातला मजकूर दुसऱ्यात लागतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या पानावर ‘लँकशायर’ म्हणजे नेमका कोणता प्रदेश धरला आहे?

१९७४ पूर्वीचा. त्या वर्षी इंग्लंडमधील परगण्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि लिव्हरपूल, मँचेस्टर, रॉचडेल ही गावे लँकशायरमधून बाहेर पडली. गुलामांचा व्यापार चालू होता, त्याविरुद्ध चळवळ उभी राहिली आणि पुढे कापसाच्या गिरण्या भरभराटीला आल्या, त्या सगळ्या काळात ही गावे लँकशायरमध्येच होती. आजच्या सीमा धरल्या तर हा इतिहास फार सोपा आणि फार स्वच्छ होतो, कारण त्यातले सर्वांत मोठे बंदर आणि सर्वांत मोठी बाजारपेठ दोन्ही गळून पडतात. म्हणून मी जुनी सीमा धरतो.

२. हा व्यापार चालत असे तरी कसा?

जहाज लिव्हरपूल किंवा लँकेस्टरहून कापड, लोखंडी व पितळी सामान, बंदुका, दारू असा माल घेऊन पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई. तिथे कित्येक आठवडे, पुष्कळदा महिने, थांबून त्या मालाच्या बदल्यात माणसे घेतली जात. त्यांना साखळदंडांत तळघरात कोंबून अटलांटिक ओलांडला जाई आणि वेस्ट इंडीज बेटांवर किंवा अमेरिकेत त्यांची विक्री होई. परतताना जहाजात साखर, रम, कापूस, महोगनी लाकूड किंवा हुंड्या असत.

लिव्हरपूलचे ‘लिव्हरपूल मर्चंट’ हे जहाज १६९९ साली निघाले आणि पुढच्या वर्षी त्याने २२० माणसे बार्बेडोसला नेऊन विकली. तिथपासून १८०७ पर्यंत लिव्हरपूलच्या जहाजांनी ५,००० हून अधिक फेऱ्या केल्या आणि सुमारे १५ लाख माणसे नेली. ब्रिटनमधील दुसऱ्या कोणत्याही बंदराचा आकडा याच्या जवळ येत नाही.

एक गोष्ट वाचकांच्या लक्षात सहसा येत नाही, ती म्हणजे या व्यापाराचे भांडवल. एका जहाजात अनेकांचे हिस्से असत. मोठे सावकारी व्यापारी तर होतेच, पण दोर वळणारा, शिडे शिवणारा, किराणा विकणारा असा माणूससुद्धा लहानसा हिस्सा घेऊन नफ्याची वाट पाहत बसे. त्यामुळे ‘हे चारदोन श्रीमंतांचे पाप होते’ असे म्हणून गावाला मोकळे होता येत नाही. कापड विणणारा, बंदूक घडवणारा, बिस्किटे भाजणारा यांचीही मजुरी त्यातूनच येत होती.

३. लँकेस्टर तर एवढेसे गाव. ते यात कसे आले?

अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारात लिव्हरपूल, लंडन आणि ब्रिस्टल यांच्यानंतर ब्रिटनमध्ये लँकेस्टरचाच क्रमांक लागे. येथील व्यापाऱ्यांनी सुमारे ३०,००० माणसांची वाहतूक केली असे अभ्यासक मानतात. गावातून वाहणारी लून नदी उथळ असल्यामुळे येथली जहाजे लहान असत. गँबिया आणि सिएरा लिओनच्या किनाऱ्यांवर, मोठ्या जहाजांना परवडत नाही अशा ठिकाणी, ती थोडी थोडी माणसे गोळा करीत.

सेंट जॉर्जेस की या धक्क्यावर उभे राहिले की हा काळ डोळ्यांसमोर येतो. नदीकाठी उंच वखारींची रांग आहे आणि मधोमध रिचर्ड गिलोने आराखडा केलेले १७६४ चे कस्टम हाउस (जकात कचेरी) आहे, जिथे आता सागरी संग्रहालय आहे. हा रिचर्ड ‘गिलो’ या फर्निचरच्या प्रसिद्ध घराण्यातला. महोगनीच्या ज्या टेबलांसाठी आणि कपाटांसाठी ते घराणे नावाजले गेले, ते लाकूड वेस्ट इंडीजच्या जंगलांत गुलाम माणसांनी तोडलेले असे. जजेस लॉजिंग्ज या संग्रहालयात ते फर्निचर पाहायला मिळते. त्याची कारागिरी खरोखरच देखणी आहे, आणि ती पाहताना लाकूड कोणी तोडले हा प्रश्न मी पाहुण्यांना दरवेळी विचारतो.

४. गुलामांना इथे आणून विकत असत का? धक्क्यांवरच्या लोखंडी कड्या त्यांनाच बांधायला होत्या ना?

कड्यांची गोष्ट खरी नाही. त्या कड्या जहाजे, घोडे आणि माल बांधण्यासाठी होत्या. व्यापाराचा मार्ग आफ्रिकेतून थेट अमेरिकेकडे जात असल्यामुळे (प्रश्न २) पकडलेल्या माणसांतली बहुसंख्य माणसे इंग्लंडच्या भूमीवर कधी आलीच नाहीत. म्हणूनच तर हा व्यापार येथल्या लोकांच्या नजरेआड राहू शकला.

पण ‘इथे कधीच कोणी विकले गेले नाही’ हेही खोटे आहे. १७६६ च्या सप्टेंबरात लिव्हरपूलच्या वॉटर स्ट्रीटवरील एक्स्चेंज कॉफी हाउसमध्ये ११ आफ्रिकी माणसांच्या विक्रीची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रात छापून आली होती, दुपारी एकची वेळ देऊन. काहींना कप्तान किंवा मळेवाले घरगड्याप्रमाणे सोबत आणत. त्यांच्याविषयी पुढचे दोन प्रश्न पाहा.

५. संडरलंड पॉइंटवरची कबर कोणाची आहे?

सर्वांत जास्त पत्रे या एका कबरीविषयी येतात. लून नदी जिथे समुद्राला मिळते तिथे संडरलंड पॉइंट नावाची छोटी वस्ती आहे. लँकेस्टरला मोठा धक्का होण्यापूर्वी जहाजे तिथे थांबत. त्या वस्तीच्या पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून, शेताच्या कडेला एका काळ्या माणसाची कबर आहे. तो १७३६ च्या सुमारास वेस्ट इंडीजहून आपल्या मालकाबरोबर आला आणि आल्यानंतर थोड्याच दिवसांत वारला. बाप्तिस्मा झालेला नसल्यामुळे त्याला चर्चच्या आवारात जागा मिळाली नाही.

तो कसा वारला याची कहाणी प्रथम १८२२ साली एका स्थानिक मासिकात छापली गेली. मालक कामासाठी लँकेस्टरला गेला, तो परत येणारच नाही असे त्याला वाटले, त्याने खाणावळीच्या माळ्यावर अंथरूण धरले आणि अन्न सोडले, असे ती सांगते. मृत्यूनंतर ८० हून अधिक वर्षांनी लिहिलेली ही गोष्ट आहे. इथल्या थंडीत एखाद्या अनोळखी रोगाने तो गेला असणे जास्त संभवते. ‘मालकाच्या विरहाने प्राण सोडणारा नोकर’ हे चित्र सांगणाऱ्यांना सुखावणारे होते, म्हणून ते टिकले, असे माझे मत आहे.

कबरीवर आज जो लेख आहे तो १७९६ चा. लँकेस्टरच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक जेम्स वॉटसन यांनी लोकांकडून वर्गणी गोळा करून तो बसवला आणि त्यासाठी स्वतः कविता रचली. शेवटच्या न्यायाच्या दिवशी परमेश्वर माणसाच्या रंगाकडे न पाहता त्याच्या हृदयाची योग्यता पाहील, असा तिचा शेवट आहे. गुलामांचा व्यापार कायदेशीर असताना त्याच गावातल्या माणसाने हे कोरून ठेवावे याचे मोल कमी नाही. पण त्याच लेखाच्या वरच्या ओळींत मृत माणसाला ‘विश्वासू’ म्हटले आहे आणि नाव दिले आहे ‘साम्बू’. हे त्याचे नाव नव्हे. काळ्या माणसाला सरसकट मारायची ती हाक होती आणि पुढे ती उघड शिवी झाली. त्याचे खरे नाव आपल्यापर्यंत आलेलेच नाही.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा कबरीभोवती लहान लहान गोटे मांडलेले होते. एकावर सूर्य, एकावर मासा, एकावर नुसतीच निळी रेघ. आसपासच्या शाळांतली मुले ते रंगवून आणून ठेवतात. खाऱ्या वाऱ्याने रंग उडतो, मग मुले नवे गोटे आणतात.

६. त्या काळी लँकशायरमध्ये काळे लोक राहत होते का? इंग्लंडच्या मातीला पाय लागला की गुलाम मुक्त होई, असे वाचले होते.

राहत होते, आणि त्यांची नोंद बहुतेकदा चर्चच्या बाप्तिस्मा किंवा दफनाच्या वहीत एका ओळीत सापडते. लँकेस्टरच्या प्रायरी चर्चच्या वहीत एप्रिल १७७८ मध्ये फ्रान्सिस एलिझाबेथ जॉन्सन या २७ वर्षांच्या स्त्रीचा बाप्तिस्मा नोंदलेला आहे. जॉन सॅटर्थवेट या वेस्ट इंडीजशी व्यापार करणाऱ्या गृहस्थाच्या घरची ती काळी नोकर. सॅटर्थवेट घराण्यात पिढ्यान् पिढ्या एक वाळवलेला मानवी हात जपून ठेवलेला होता आणि तो तिचाच असे सांगितले जाई. अखेर १९९७ साली त्या हाताचे प्रायरीच्या आवारात विधिवत दफन करण्यात आले.

आता कायद्याविषयी. १७७२ साली न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी जेम्स सॉमरसेट या माणसाच्या खटल्यात असा निर्णय दिला की मालकाला आपल्या गुलामाला जबरदस्तीने इंग्लंडबाहेर पाठवता येणार नाही. लोकांनी त्याचा अर्थ ‘इंग्लंडमध्ये गुलामगिरी नाही’ असा घेतला, पण निकालाची भाषा तेवढी व्यापक नव्हती. वसाहतींवर तर त्याचा काहीच परिणाम झाला नाही.

७. ‘झाँग’ जहाजाचा लँकशायरशी काय संबंध?

ते गुलामवाहू जहाज लिव्हरपूलच्या एका मंडळीच्या मालकीचे होते आणि त्यात विल्यम ग्रेगसन हा गावचा माजी महापौर प्रमुख होता. १७८१ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस, वाट चुकल्यावर आणि पिण्याचे पाणी कमी पडेल असे कारण पुढे करून, जहाजावरील लोकांनी काही दिवसांच्या अंतराने १३० च्या आसपास जिवंत आफ्रिकी माणसांना समुद्रात फेकले. नंतर मालकांनी प्रत्येकी ३० पौंडांप्रमाणे विम्याची रक्कम मागितली. १७८३ साली लंडनमध्ये जो खटला उभा राहिला तो खुनाचा नव्हता. हरवलेल्या मालाची भरपाई विमेवाल्यांनी द्यायची की नाही, एवढाच वाद न्यायालयापुढे होता, आणि ज्युरीने पहिला कौल मालकांच्या बाजूने दिला. पुन्हा सुनावणी घेण्याची परवानगी मिळाली. खुनाचा खटला मात्र कोणावरही चालला नाही. हे प्रकरण बाहेर आल्यावर चळवळीला जे बळ मिळाले ते पुढील प्रश्नात दिसते.

८. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पहिला मोठा आवाज लँकशायरमध्ये कुठे उठला?

मँचेस्टरमध्ये. व्यापाराविरुद्ध पुरावे गोळा करीत देशभर फिरणारे थॉमस क्लार्कसन तिथे गेले तेव्हा त्यांना मुख्य चर्चमध्ये, म्हणजे आजच्या कॅथीड्रलमध्ये, बोलण्याचा आग्रह झाला आणि २८ ऑक्टोबर १७८७ रोजी ते तिथे बोलले. चर्च इतके भरले होते की आत शिरायला त्यांना कष्ट पडले. व्यासपीठाभोवती ४०–५० काळी माणसे उभी होती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. परदेशी माणसाला छळू नका, कारण तुम्हीही मिसर देशात परदेशी होता, हे बायबलमधील वचन त्यांनी त्या दिवशी घेतले.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत मँचेस्टरहून पार्लमेंटला १०,००० हून अधिक सह्यांचा अर्ज गेला. तेव्हा गावाची वस्ती सुमारे ५०,००० होती, म्हणजे पाच जणांत एकाहून अधिक सही. हे ज्या गावात घडले त्या गावचे कापड आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात दिले जात होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सही करणाऱ्यांत असे कितीतरी असतील ज्यांची भाकरी त्या व्यापारावर अवलंबून होती. चळवळीला वर्गणी देणाऱ्यांच्या पहिल्या यादीत स्त्रियांची नावेही बरीच होती, आणि त्या काळी सार्वजनिक कामात हे सहसा घडत नसे. १७९२ मध्ये दुसरा अर्ज गेला तेव्हा सह्या २०,००० च्या पुढे होत्या.

९. आणि लिव्हरपुलात? तिथे कोणीच विरोध केला नाही का?

केला, आणि तो जास्त महाग पडला. एडवर्ड रश्टन लहान वयात खलाशी झाला. गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजावर डोळ्यांची साथ पसरली, कोणी खाली जाईना, तेव्हा तो तळघरात जाऊन त्या माणसांना अन्नपाणी देत राहिला आणि त्याच रोगाने त्याची दृष्टी गेली. पुढे त्याने गुलामगिरीविरुद्ध कविता लिहिल्या, आणि स्वातंत्र्याची भाषा बोलता मग स्वतःच्या घरी गुलाम का ठेवता, असे खरमरीत पत्र जॉर्ज वॉशिंग्टन यांनाही पाठवले. लिव्हरपुलात १७९१ साली निघालेल्या अंधशाळेमागेही त्याचा पुढाकार होता.

विल्यम रॉस्को हा खाणावळ चालवणाऱ्याचा मुलगा, पुढे वकील आणि पेढीवाला झाला. १८०६ साली तो लिव्हरपूलतर्फे पार्लमेंटमध्ये निवडून गेला आणि ज्या गावाने त्याला पाठवले त्याच्या धंद्याविरुद्ध त्याने मत दिले. १८०७ च्या वसंतात तो गावी परतला तेव्हा दंगेखोरांनी त्याची मिरवणूक अडवली. तो पुन्हा पार्लमेंटमध्ये गेला नाही.

क्लार्कसन लिव्हरपुलात पुरावे गोळा करीत असताना धक्क्याच्या टोकावर काही जणांनी त्यांना घेरले आणि ते पाण्यात ढकलले जाता जाता वाचले.

१०. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक गुलामगिरीच्या विरुद्ध होते ना? मग लँकेस्टरचे क्वेकर व्यापारी या धंद्यात कसे?

पंथाने व्यापाराला स्पष्ट मनाई केली ती १७६१ साली. त्याआधी, १७५० च्या दशकात, लँकेस्टरचा क्वेकर व्यापारी डॉडशन फॉस्टर हा ‘बार्लबरो’ नावाचे गुलामवाहू जहाज चालवत होता. मनाईनंतरही वेस्ट इंडीजच्या साखरेशी आणि लाकडाशी व्यापार करणे बंद झाले नाही, आणि तो सगळा माल गुलामांच्याच श्रमाचा होता.

याच गुंत्याचे दुसरे उदाहरण लिव्हरपूलचे जेम्स क्रॉपर. हे क्वेकर व्यापारी १८२० च्या दशकात गुलामगिरी संपवा असे हिरिरीने लिहीत होते आणि वेस्ट इंडीजच्या साखरेऐवजी हिंदुस्थानची साखर वापरा असा प्रचार करीत होते. ते स्वतः हिंदुस्थानशी व्यापार करीत, म्हणून विरोधकांनी त्यांच्यावर स्वार्थाचा आरोप केला. शिवाय त्यांची पेढी अमेरिकेतून कापूस आणत होती, आणि तोही गुलामांनीच पिकवलेला. माझ्या मते क्रॉपर यांची तळमळ खरी होती आणि आरोपातही तथ्य होते.

११. कायदा १८०७ चा की १८३३ चा? आणि तो हिंदुस्थानाला लागू होता का?

दोन्ही कायदे वेगळे आहेत. १८०७ च्या कायद्याने ब्रिटिश जहाजांना माणसांचा व्यापार करण्यास बंदी झाली, पण आधीच गुलाम असलेली माणसे गुलामच राहिली. या बंदीतही एक फट होती: १ मे १८०७ पूर्वी परवाना घेतलेल्या जहाजाला निघता येत होते. त्यामुळे ह्यू क्रो या कप्तानाचे ‘किटीज अमेलिया’ हे जहाज जुलै १८०७ मध्ये लिव्हरपूलहून राजरोस आफ्रिकेकडे गेले. अशा कायदेशीर फेऱ्यांतली ती शेवटची मानली जाते.

१८३३ चा कायदा गुलामगिरी रद्द करणारा होता आणि तो १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला. तरीही सहा वर्षांखालील मुले सोडून बाकी सर्वांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्याच मालकाकडे बिनपगारी राबावे लागले. ती पद्धत १८३८ मध्ये संपली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील प्रदेश या कायद्यातून वगळले होते. हिंदुस्थानात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेणारा कायदा १८४३ साली आला. त्यामुळे ‘१८३३ साली साऱ्या ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपली’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत दिसले तरी ते चूक आहे.

१२. नुकसानभरपाई मिळाली का?

मिळाली, मालकांना. ब्रिटिश सरकारने त्यासाठी २ कोटी पौंड मंजूर केले. ती रक्कम सरकारच्या त्या काळच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के होती. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश २०१५ साली फिटला. गुलाम केलेल्या माणसांना यातली एक पैही मिळाली नाही.

सर्वांत मोठ्या दावेदारांत लिव्हरपूलचे जॉन ग्लॅडस्टन होते. पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टन यांचे हे वडील. त्यांना सुमारे २,५०० माणसांपोटी १,०६,००० पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. डेमेरारा, म्हणजे आजच्या गयानामध्ये, त्यांचा ‘सक्सेस’ नावाचा मळा होता. ऑगस्ट १८२३ मध्ये हजारो गुलामांनी केलेला उठाव तिथूनच सुरू झाला आणि त्याच्या पुढाऱ्यांतल्या एकाचे नाव होते जॅक ग्लॅडस्टन. मालकाचे आडनाव गुलामाला लागे, म्हणून हे नाव. त्याचा बाप क्वामिना त्या उठावात मारला गेला.

भारतीय वाचकांनी यापुढचा भाग अवश्य वाचावा. आता मळ्यांवर राबायचे कोणी, हा प्रश्न पडल्यावर याच जॉन ग्लॅडस्टन यांनी १८३६ साली कलकत्त्याच्या एका पेढीला पत्र लिहून मजुरांची चौकशी केली, आणि १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ व ‘हेस्परस’ या दोन जहाजांतून सुमारे ४०० हिंदी मजूर करारावर डेमेराराला पोहोचले. गिरमिटिया मजुरांच्या कॅरिबियनकडे गेलेल्या लांबलचक रांगेचे पहिले टोक असे लिव्हरपूलला बांधलेले आहे. ग्लॅडस्टन कुटुंबाच्या वंशजांनी २०२३ साली गयानात जाऊन माफी मागितली.

१३. १८३३ नंतर तरी लँकशायरचा गुलामगिरीशी संबंध संपला ना?

नाही. उलट, पैशाच्या हिशेबाने तो वाढला. लँकशायरच्या गिरण्यांना लागणारा कापूस सुरुवातीला वेस्ट इंडीज आणि ब्राझीलमधून येत होता. सरकी वेगळी करण्याचे यंत्र १७९३ साली अमेरिकेत निघाल्यावर तेथील दक्षिणेकडील राज्यांत कापसाचे अफाट मळे उभे राहिले. १८६० पर्यंत ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस तिथला, म्हणजे गुलामांनी वेचलेला, होता.

सारा पार्कर रेमंड या अमेरिकेतील काळ्या वक्त्या १८५९ साली लँकशायरमध्ये व्याख्याने देत फिरल्या. मँचेस्टरच्या रस्त्यांवरून कापसाच्या गाठींनी भरलेल्या गाड्यांमागून गाड्या जाताना पाहून मला ते हजारो मळे आठवतात, आणि या पैशातला एक छदामही तो पिकवणाऱ्यांच्या हाती पोहोचत नाही हे आठवते, असे त्यांनी त्या गावात उभे राहून सांगितले. श्रोत्यांच्या अंगावरचे कपडे त्याच कापसाचे होते.

१४. गिरणी कामगारांनी उपाशी राहून लिंकन यांना पाठिंबा दिला, हे खरे आहे का?

खरे आहे, पण सरसकट नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि कापूस येणे थांबले. १८६२ च्या अखेरीस लँकशायर आणि आसपासच्या भागात सुमारे पाच लाख माणसे मदतीवर जगत होती. याला येथे ‘कापसाचा दुष्काळ’ म्हणतात. अशा स्थितीत ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली आणि गुलामगिरी नष्ट करण्याच्या लढ्याला पाठिंबा देणारे पत्र लिंकन यांना गेले. जानेवारी १८६३ मध्ये लिंकन यांनी उत्तर पाठवून कामगारांच्या त्यागाचा गौरव केला. पुढच्या महिन्यात ‘जॉर्ज ग्रिसवोल्ड’ हे जहाज उत्तरेतील लोकांनी पाठवलेले पीठ आणि अन्नधान्य घेऊन लिव्हरपूलला लागले. त्या पिठाचे एक पिंप रॉचडेलच्या संग्रहालयात आहे. साधे, फळ्यांचे, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले पिंप; पण त्यासमोर मी बराच वेळ उभा राहिलो आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. लिव्हरपूलचे बडे व्यापारी मोठ्या प्रमाणावर दक्षिणेच्या बाजूने होते, आणि कामगारांतही दक्षिणेला मान्यता देऊन कापूस सोडवा अशी मागणी करणारे होते. १८६३ च्या मार्चमध्ये स्टेलीब्रिज येथे मदतीच्या पद्धतीवरून दंगे उसळले. पोट जळत असताना प्रत्येकाने तत्त्वालाच मत दिले असे सांगणे म्हणजे त्या माणसांना देव्हाऱ्यात बसवणे होईल. काहींनी दिले, आणि तेही भुकेल्या पोटी दिले. एवढेही पुरेसे मोठे आहे.

१५. या साऱ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध येतो का?

थेट येतो. अमेरिकेचा कापूस थांबल्यावर लँकशायरने हिंदुस्थानकडे पाहिले, आणि १८६२ साली ब्रिटनमध्ये आलेल्या कापसाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग हिंदुस्थानातून गेला. खानदेश, वऱ्हाड, हिंगणघाट आणि गुजरात येथला माल मुंबईहून जहाजात चढे. त्या सर्वाला लँकशायरमध्ये एकच नाव होते, ‘सुरत’. हा कापूस आखूड धाग्याचा. शिवाय वजन वाढवण्यासाठी त्यात सरकी, माती, दगड घातलेले असत. मुंबई इलाख्यात १८६३ साली अशा भेसळीविरुद्ध कायदाच करावा लागला. धागा सारखा तुटे, कामावरून मजुरी मिळणाऱ्या कामगाराची कमाई घटे, आणि ‘देवा, कापूस पाठव, पण सुरत नको’ अशी प्रार्थना एका सभेत झाल्याचे लँकशायरमध्ये अजून सांगतात.

मुंबईत मात्र पैशाचा पूर आला. बँका, कंपन्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना यांचे शेअर भरमसाट चढले. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने राजाबाई मनोऱ्यासाठी दिलेली देणगी याच काळातली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. शेतकऱ्याला हा फटका सावकाशीने बसला: तेजीत चढवलेले कर्ज मंदीत फिटेना. १८७५ साली सुपे येथून सुरू झालेल्या सावकारविरोधी दंगलींची जी कारणे दिली जातात, त्यांत वाढलेल्या सारेपट्टीबरोबर कापसाच्या या चढउताराचाही समावेश आहे.

काही वाचक जोतीराव फुले यांची आठवण करून देतात, आणि ते योग्यच आहे. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. लँकशायरशी त्याचा थेट संबंध नाही. पण ज्या युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्या थांबल्या आणि वऱ्हाडातल्या कपाशीचा भाव चढला, त्याच लढ्याला उद्देशून पुण्यात लिहिलेली ती अर्पणपत्रिका आहे.

१६. लिव्हरपूलची पेनी लेन गुलामांच्या व्यापाऱ्याच्या नावावरून आहे का?

जेम्स पेनी नावाचा असा व्यापारी होता, पण रस्त्याचे नाव त्याच्यावरून पडल्याचा पुरावा नाही. येथील आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालयाने २०२० साली तसे स्पष्ट केले आहे. खरा पुरावा पाहायचा असेल तर लिव्हरपूलच्या टाउन हॉलच्या भिंतीवर वर नजर टाकावी. तिथल्या कोरीव पट्टीत हत्तींबरोबर आफ्रिकी माणसांची डोकी कोरलेली आहेत. गावाची संपत्ती कुठून आली ते गावाने स्वतःच, अभिमानाने, दगडात लिहून ठेवले होते.

१७. तुम्ही ‘गुलाम’ न लिहिता ‘गुलाम केलेली माणसे’ असे का लिहिता?

जिथे वाक्य पेलते तिथे तसे लिहितो, कारण गुलाम असणे हा त्या माणसाचा गुण नव्हता. ते त्याच्यावर केलेले कृत्य होते. सगळीकडे तसे लिहिले तर मराठी वाक्य अवघड होते, म्हणून ‘गुलाम’ हा शब्दही ठेवला आहे. जुन्या इंग्रजी कागदांतल्या शिव्या मात्र आवश्यक तेवढ्याच येऊ दिल्या आहेत (प्रश्न ५).

१८. प्रत्यक्ष पाहायला कुठे जावे?

एक दिवस असेल तर लँकेस्टर. सेंट जॉर्जेस कीवर २००५ साली उभारलेले, केव्हिन डाल्टन-जॉन्सन यांचे पकडलेल्या आफ्रिकींचे स्मारक आहे. त्यावर लँकेस्टरच्या जहाजांची आणि कप्तानांची नावे आणि प्रत्येकाने नेलेल्या माणसांची संख्या आहे. कप्तानाला नाव आहे, जहाजाला नाव आहे, माणसांना आकडा आहे. तिथून सागरी संग्रहालय आणि प्रायरी चर्च पायी होते.

लिव्हरपुलात अल्बर्ट डॉकवरचे आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालय २३ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाले. ते उघडे आहे का याची खात्री करून निघावे. मँचेस्टरमध्ये लिंकन यांचा पुतळा आहे, रॉचडेलच्या वर डोंगरात कापसाच्या दुष्काळात बेकार कामगारांनी दगड बसवून केलेला रस्ता आहे, आणि प्रेस्टनची एव्हनॅम व मिलर ही उद्याने त्याच काळातल्या बेकारांच्या हातची आहेत.

संडरलंड पॉइंटला जाताना मात्र भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघू नये. ओव्हर्टनहून जाणारा रस्ता दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातो. गाडी ओहोटीतच नेता येते, आणि परतायची वेळ आधी ठरवून ठेवावी लागते. कबरीकडे शेवटचा भाग पायीच जावा लागतो. सोबत मुले असतील तर घरूनच एखादा गोटा रंगवून न्यावा.